शेवट पाठ असलेल्या गोष्टीची सुरुवात : पूर्वकथा, चाहते आणि सिंदखेडराजाचा वाडा

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘पूर्वकथेचं दृश्यरूप आणि चाहत्यांच्या अपेक्षा’ असा छापलाय. जरा जड झालाय. सोपं करून सांगायचं तर प्रश्न एवढाच आहे, की ज्या गोष्टीचा शेवट गावातल्या लहान पोरालाही पाठ आहे, तिची सुरुवात पडद्यावर दाखवायची कशी? आणि ती ‘अश्शीच’ दिसली पाहिजे असं आधीच ठरवून बसलेल्या प्रेक्षकाशी वागायचं कसं?

सुरुवात बाहेरच्या जगातल्या उदाहरणानं करू, कारण तिथे भावना दुखावण्याची भीती कमी असते. टोलकीनचं ‘द हॉबिट’ हे पुस्तक १९३७ सालचं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्यानंतरचं, १९५४-५५ चं. म्हणजे वाचकांनी ही गोष्ट सरळ क्रमानं वाचली. आधी मुलांसाठी लिहिलेली हलकीफुलकी सफर, मग मोठं, काळोखं महाकाव्य. सिनेमात हा क्रम उलटला. पीटर जॅक्सनचे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग २००१ ते २००३ मध्ये आले आणि ‘हॉबिट’ त्यानंतर, २०१२ ते २०१४ मध्ये. झालं काय, की मुलांची सफर एकदम ‘प्रीक्वेल’ झाली. तिच्या खांद्यावर पुढच्या महायुद्धाचं ओझं आलं. एका छोट्या पुस्तकाचे तीन लांबलचक सिनेमे झाले, आणि त्या सिनेमांत जिकडेतिकडे ‘पुढे काय होणार आहे बघा’ असे इशारे पेरलेले दिसायला लागले.

चाहत्यांची तक्रार मात्र वेगळ्याच ठिकाणी होती. ती डोळ्यांची होती. हा सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी ४८ चौकटींच्या वेगानं चित्रित केला होता. चित्र इतकं स्वच्छ झालं, की अनेकांना ते जग न वाटता सेट वाटायला लागलं. आधीच्या तीन सिनेमांत माणसांच्या अंगावर मेकअप चढवून उभे केलेले ऑर्क होते, आता मुख्य खलनायक संगणकावर तयार झालेला होता. लोक म्हणाले, हे आमचं जग नाही. ‘आमचं’ हा शब्द लक्षात ठेवा, तो परत लागणार आहे. २०२२ मध्ये ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ आली तेव्हाही एल्फांचे केस आखूड का, बुटक्या जमातीच्या बायकांना दाढी का नाही, यावर रणं माजली. हसू नका. आपल्याकडे टिळा, फेटा आणि नथ यांवर याहून मोठी रणं झालेली आहेत.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. मातृतीर्थ म्हणतो आपण याला, सिंदखेडराजामुळे. आणि मराठी पडद्यावरची सगळ्यात मोठी पूर्वकथा कुठली म्हणाल, तर ती सिंदखेडराजातच सुरू होते.

क्रम कसा लागला बघा. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ आली. त्यात डॉ. अमोल कोल्हे शिवाजी महाराज झाले, मृणाल कुलकर्णी जिजाऊ. २०१७ मध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आली, त्यात कोल्हे संभाजी महाराज झाले. आणि २०१९ मध्ये त्यांच्याच जगदंब क्रिएशन्सची ‘स्वराज्यजननी जिजामाता’ सोनी मराठीवर सुरू झाली. म्हणजे आधी मुलगा, मग नातू, आणि शेवटी आई. घराण्याची वंशावळ वरून खाली येते, मालिकांची मात्र उलट सरकली. दरम्यान मोठ्या पडद्यावर दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ वगैरे सिनेमांत मृणालताईच जिजाऊ म्हणून पुन्हा पुन्हा येत राहिल्या. एका पिढीच्या डोक्यात जिजाऊंचा चेहरा पक्का झाला. प्रौढ, शांत, करारी, डोक्यावर पदर, मुलाला वाट दाखवणारी आई. हे काम त्यांनी उत्तम केलं, त्याबद्दल वाद नाही. पण मग लखुजीराव जाधवांच्या वाड्यात खेळणारी सात-आठ वर्षांची पोर दाखवायची वेळ आली, की ती पोर कुठून आणणार? प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच राजमाता येऊन बसलेली.

मालिकेचं नावच घ्या. ‘स्वराज्यजननी’. लखुजीरावांच्या वाड्यात स्वराज्य हा शब्द अजून कुणाच्या ध्यानीमनी नाही, निजामशाहीची चाकरी चालू आहे, आणि आपल्याला पहिल्या दिवसापासून शीर्षक सांगतंय की ही मुलगी कोण होणार आहे. यात चूक कुणाची नाही. पूर्वकथेचा तो स्वभावच आहे. प्रेक्षक शेवट हातात घेऊनच येतो. पण शेवट प्रेक्षकाला माहीत असणं वेगळं, आणि तो पात्राला माहीत असणं वेगळं. आमचा या सगळ्या जातीच्या मालिकांवरचा मुख्य आक्षेप हा आहे, की त्यांचं दृश्यरूप हा फरक पुसून टाकतं. छोट्या मुलीवर पडणारा उजेडच असा असतो, मागून सोनेरी, खालून वर बघणारा कॅमेरा, वर शंख-ढोल, की जणू तिला आणि दारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्यालाही सतराव्या शतकाचा उत्तरार्ध ठाऊक आहे. त्या उजेडाला सगळं आधीच कळलेलं असतं. मग नाट्य उरतं कशात?

आणि नाट्य किती आहे हो तिथे! १२ जानेवारी १५९८ ही जन्मतारीख आपण धरतो, लाखो लोक त्या दिवशी सिंदखेडराजाला येतात. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. मधली बत्तीस वर्षं झाली. बत्तीस वर्षं ही बाई शिवरायांची ‘माता’ म्हणून इतिहासाला माहीत नाही, मुलगी, बहीण, सून, बायको म्हणून ती जगतेय. खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. त्या गोंधळात जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले, तिचा भाऊ दत्ताजी गेला आणि सासरकडचा संभाजी भोसलेही गेला. माहेर आणि सासर यांच्यामध्ये रक्त सांडलं. पुढे जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, सगळे दगा करून मारले गेले. तारखा शेजारी ठेवून बघा. शिवरायांच्या जन्माआधी सात महिनेही नाहीत. म्हणजे बापाची, भावांची बातमी आली तेव्हा ती गरोदर होती. हे दाखवायला सोनेरी उजेड कशाला पाहिजे? उलट तो इथे घातकच ठरतो. पुढचं सगळं ठरलेलंच आहे असं दिसायला लागलं की तिच्या त्या दिवसाची भीती खोटी वाटायला लागते.

आता वाड्याकडे वळू. आम्ही इथे जरा जास्त वेळ घेणार आहोत, घड्याळ बघू नका.

पडद्यावरचा मराठा सरदाराचा वाडा डोळ्यांपुढे आणा. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब, खांबांमध्ये महिरपी, मधोमध चौक, चौकात तुळशीवृंदावन, झुंबर, भरजरी पडदे. बरोबर? हा वाडा आपल्या ओळखीचा आहे, कारण तो पेशवाईतला आहे. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ च्या सुमारास उभा राहिला. लखुजीरावांच्या काळापासून हे अंतर शंभरावर वर्षांचं आहे. आज एखाद्यानं स्वातंत्र्यपूर्व काळाच्या सिनेमात नायकाच्या हातात मोबाईल दिला तर आपण थेटर डोक्यावर घेऊ. वाड्याच्या बाबतीत शंभर वर्षांचा घोळ मात्र आपल्याला दिसत नाही, उलट ‘व्वा, किती अस्सल’ असं वाटतं.

आणि खरा वाडा तर इथेच आहे, हाकेच्या अंतरावर. सिंदखेडराजाला गेलात की रस्त्यालगत ते उंच प्रवेशद्वार दिसतं. दगड, वीट, चुना. टोकदार कमान. त्याचं नातं पुण्याच्या लाकडी वाड्यापेक्षा दौलताबाद, अहमदनगरच्या निजामशाही इमारतींशी जास्त जवळचं आहे. लखुजीरावांची समाधी बघा. दगडविटांची, कमानींची, घुमट असलेली भव्य इमारत. एखाद्या परगावच्या माणसाला नाव न सांगता दाखवलीत तर तो हा मकबरा आहे म्हणेल. आणि त्याच समाधीच्या आवारात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना २०२४ च्या जूनमध्ये जमिनीखालून काय निघालं? शेषशायी विष्णूची मोठी कोरीव मूर्ती. म्हणजे वर दख्खनी सुलतानी घडणीची समाधी, खाली त्याहून कितीतरी जुनं शिल्प, आणि समाधी कुणाची, तर देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणाऱ्या घराण्यातल्या सरदाराची. एवढे थर एकाच जागी आहेत. कुठल्याही कला-दिग्दर्शकाला स्वप्नात मिळणार नाही असा ऐवज आपल्या तालुक्याच्या गावात पडलेला आहे.

मग तो पडद्यावर का येत नाही? निर्मात्यांना विचारलं तर एकच उत्तर मिळतं, प्रेक्षक स्वीकारणार नाही. टोकदार कमान दाखवली की लोक म्हणतील हा तर मोगलांचा महाल. कारण पडद्यावर आपण रंगही वाटून टाकलेत. भगवा-पिवळा उजेड म्हणजे आपले, हिरवा-निळा अंधार म्हणजे शत्रू. कमान त्यांची, खांब आमचे. आणि लखुजीराव तर होते निजामशाहीतले सरदार. त्यांचं घर, त्यांचा अंगरखा, कमरेचा पटका हे सगळं त्यांच्या दरबारातल्या इतर सरदारांसारखंच दिसत असणार. चेहरा बघूनच कोण आपला, कोण परका कळावं अशी सोय त्या काळात नव्हती. आमच्या मते जिजाऊंच्या बालपणातली सगळ्यात मोठी कोंडी हीच आहे. बाप ज्याची चाकरी करतो त्याच्यासारखाच दिसतो, आणि तोच दरबार एक दिवस बापाला मारतो. दृश्यरूप दोन रंगांत वाटून टाकलं की ही कोंडीच नाहीशी होते. मग कपट फक्त हिरव्या दालनात घडतं आणि आपण निवांत बसतो.

‘प्रेक्षक स्वीकारणार नाही’ हे मात्र आम्हाला पटत नाही. अपेक्षा आभाळातून पडत नाहीत. त्या कुणीतरी कधीतरी घडवलेल्या असतात. रामायणाचंच बघा. २०२२ मध्ये ‘आदिपुरुष’ची पहिली झलक आली आणि रावणाच्या रूपावरून देशभर गदारोळ झाला, सिनेमा जानेवारी २०२३ मधून जूनमध्ये ढकलला गेला. ज्या रूपाशी लोक तुलना करत होते ते बहुतांशी १९८७ च्या दूरदर्शन मालिकेतलं होतं. त्याआधी ते कॅलेंडरातलं होतं, त्याआधी राजा रविवर्म्याच्या छापखान्यातलं. खुद्द शिवरायांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. एके काळी भलत्याच माणसाचं, इब्राहिम खानाचं, चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. घराघरांत लोक त्यालाच हात जोडत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून अस्सल चित्र शोधून काढलं आणि १९३३ मध्ये ते लोकांपुढे आणलं. लोकांनी काय केलं? बंड केलं? नाही. आज आपल्या डोळ्यांपुढे जे महाराज येतात ते बेंद्र्यांनी दाखवलेल्या चेहऱ्याचेच आहेत. नीट पुरावा ठेवला, आदरानं ठेवला, तर मराठी माणूस श्रद्धेच्या मूर्तीचा चेहरासुद्धा बदलून घेतो. मग वाड्याची कमान कुठली मोठी?

चाहत्याला मूर्ख समजू नये याचं आणखी एक उदाहरण. डिसेंबर २०२२ मध्ये महेश मांजरेकरांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या सिनेमातली महाराजांची पहिली झलक आली. लोकांनी तासाभरात पकडलं, की मागच्या झुंबरात विजेचे दिवे आहेत. महाराजांचं निधन १६८० चं, एडिसनचा दिवा १८७९ चा. दोनशे वर्षांचा फरक. चेष्टा झाली, आणि व्हायलाच पाहिजे होती. पण त्यातून आम्हाला दिसलं ते असं, की सामान्य माणसाचा डोळा तीक्ष्ण आहे. त्याला बल्ब दिसतो. सुरूचा खांब दिसत नाही, कारण त्याबद्दल त्याला कुणी सांगितलेलंच नाही. शाळेच्या सहलीनं सिंदखेडराजाला आलेले पोट्टे वाडा बघून विचारतात, ‘सर, एवढाच?’ त्यांनी टीव्हीवर याच्या दहापट मोठा बघितलेला असतो. ही निराशा आम्हाला त्या बल्बपेक्षा जास्त टोचते. पडद्यावरचं खोटं खऱ्या दगडाला लहान करतं, आणि लहान ठरलेल्या दगडाची काळजी कोण घेणार? उद्या डागडुजीची मागणी होईल तीही ‘मालिकेतल्यासारखं करा’ अशी होईल, हा धोका काल्पनिक नाही.

अर्थात अपेक्षेची दुसरी बाजूही आहे आणि ती गोड नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आक्षेप आले, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढलं. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’तल्या पिंग्यावरून काय झालं ते आठवत असेलच. आक्षेप घेणाऱ्यांचं सगळंच चूक असं आम्ही म्हणत नाही. ज्या घराण्याच्या, ज्या समाजाच्या स्मृतीशी प्रश्न जोडलेला आहे त्याला बोलायचा हक्क आहेच. टोलकीनच्या एल्फांवर कुणाची कुळदेवी अवलंबून नाही, इथे माणसं पायी चालत दर्शनाला येतात. पण याचा परिणाम काय होतो तोही बघा. राजा नाचला नाही पाहिजे, राणी हसली नाही पाहिजे, मूल रडलं नाही पाहिजे. निर्माता घाबरतो आणि कॅलेंडरमध्ये जाऊन लपतो. कॅलेंडरावर कुणी खटला भरत नाही. जिजाऊंच्या मूर्तींमध्ये आपल्याला शेजारी बहुधा बाल शिवबा दिसतो, शिवनेरीच्या शिवकुंजातही तसंच आहे. शिवनेरीवर ते शोभतंच, तो त्यांचा जन्म जिथे झाला तो किल्ला आहे. पण सिंदखेडराजा ही तिची जागा आहे, तिच्या एकटीची. इथे तरी तिला कुणाची तरी आई होण्याआधीची राहू द्या की.

जाता जाता एक गंमत. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार. उल्का पडून झालेलं विवर, पण लोककथेत तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं. आधी खड्डा, मग खड्ड्याची पूर्वकथा. प्रीक्वेल काही अमेरिकेनं शोधलेली नाही. २०२० च्या जूनमध्ये त्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, खारं पाणी आटलं आणि त्यातल्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला. एखाद्या पौराणिक मालिकेत कला-दिग्दर्शकानं तळं गुलाबी रंगवलं असतं तर आपण सगळे म्हणालो असतो, काहीतरीच काय!

शेवटी एक प्रश्न आला होता चिठ्ठीवर, तो घेतो. ‘तुम्ही टीका केलीत, मग तुमच्या मते पहिला भाग कसा सुरू व्हावा?’ रास्त प्रश्न आहे. रोज एक भाग पाठवायचा, सेट तोच वापरायचा, पैसा मोजका, या अडचणी आम्ही जाणतो. त्यामुळे स्वस्तातलं उत्तर देतो.

सिंहासनानं सुरू करू नका, पाण्यानं करा. जाधवांच्या सिंदखेडात नजरेत भरतं ते पाण्याचं काम आहे. मोती तलाव, चांदणी तलाव, शिल्पांनी भरलेली पुतळा बारव. त्याच काळात तिकडे खडकीत मलिक अंबर नहर खोदत होता. दख्खनच्या सरदाराचा मोठेपणा दरबारापेक्षा बांधावर जास्त दिसायचा, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. तर वैशाखातली दुपार घ्या. उजेड पांढरा, डोळ्यांवर येणारा, आपल्याकडे असतो तसा. बारवेच्या पायऱ्यांवर कळशीची रांग. भिंतीला ताजा चुना लावणारे गवंडी, त्यांच्यातला एक मशिदीचं काम करून आलेला, एक देवळाचं. वरून एक मुलगी पायऱ्या मोजत उतरतेय, मध्येच चुकते, परत वर जाऊन पहिल्यापासून मोजते. कपाळावर चंद्रकोर नाही, घामानं पुसली गेलीय. हातात तलवार नाही. तिला कुणी हाक मारत नाही म्हणून नावही कळत नाही. पाणी किती पायऱ्या खाली गेलंय हे तिला बापाला जाऊन सांगायचंय, आणि बाप घोड्यावर बसून दौलताबादेकडे निघालाय. ती धावत दारापर्यंत येते तोवर त्या उंच कमानीखाली नुसती धूळ उरलेली असते.

ती कमान तेवढी खरी वापरा. शूटिंगची परवानगी मिळायला वेळ लागेल, पण मागून तर बघा.